धाव पुरी करायची



शाळेत धावण्यात मी कायम मागे असायचो, हे सरांना आठवत असेल. धावायला लागलो तो पन्नाशीनंतर, पत्नी गेल्यावर. घरात बसवेना, चर्चमध्ये जाववेना. म्हणून पहाटे पाम बीच रोडवर जायचो. प्रार्थना बंद होती, पाय तेवढे चालू होते.

मग मुंबई मॅरेथॉनला उतरलो. ४२.१९५ किलोमीटर. ३५ किलोमीटरनंतर पेडर रोडच्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले. मी कडेला थांबलो. एक अनोळखी मुलगा जवळ आला. म्हणाला, "काका, धावू नका. माझ्याबरोबर चाला." त्याचीही वेळ जात होती. तरी चढ संपेपर्यंत तो सोबत राहिला.

पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात धाव पुरी केल्याचे समाधान आहे. पहिला आल्याचा उल्लेख नाही. त्याचा अर्थ मला त्या चढावर कळला. पुढच्या रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. प्रार्थना सुचली नाही; नुसता बसून राहिलो. तेही एक पाऊलच होते.

आपल्यापैकी कोणी आज अशा चढावर असेल, तर मला फोन करा. मला वेगाने धावता येत नाही. सोबत चालता येते.