शेतांतील ट्रकतळ

शहरांतल्या घरीं येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तु, धान्याच्या पोत्यापासून औषधाच्या कुपीपर्यंत, प्रवासाचा कांहीं भाग ट्रकांतून करून आलेली असते. धांवणारा ट्रक सर्वांना दिसतो. तो थांबतो कोठें, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनांत येतो. गोदामांत पाळी लागेपर्यंत, परतीचा माल मिळेपर्यंत आणि चालकाची झोंप पुरी होईपर्यंत त्यास कोठेंतरी उभें राहावें लागतें. रस्त्याच्या कडेला उभा राहिला तर तो अपघातास कारण होतो. म्हणून शेजारचें शेत पुढें येतें.

ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी आणि रायगड जिल्ह्यांतील उरण हे दोन तालुके या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. एकांत मुंबईच्या व्यापाराचीं गोदामें वाढलीं. दुसऱ्यांत १९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झालें आणि कंटेनर वाहणाऱ्या लांबलचक गाड्यांची रांग लागली. दोन्ही तालुके मूळचे भाताचे. खाचराचें उत्पन्न पावसाच्या मर्जीवर. ट्रकतळाचें भाडें महिन्याच्या महिन्याला हातीं येतें. अशा स्थितींत एखाद्या खातेदारानें शेतांत मुरूम पसरून ट्रक उभे करूं दिले, तर त्याला लोभी म्हणणें अन्यायाचें होईल. "जमीन माझी, तींत भात लावावा कीं ट्रक उभे करावे, हें सरकारनें कां सांगावें?" हा त्याचा प्रश्न सरळ आहे, आणि त्याचें उत्तरहि तितक्याच सरळपणें दिलें पाहिजे.

कायद्याचें उत्तर जुनें आहे. शेतीखेरीज अन्य कामासाठीं जमीन वापरावयाची झाल्यास कलेक्टरची परवानगी घ्यावी, हें तत्त्व १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें घातलें आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें तें पुढें चालविलें. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता व सोय राखण्यासाठीं अवश्य असल्यास, किंवा नियोजित विकासाच्या योजनेशीं विरोध येत असल्यास, परवानगी नाकारण्याचा अधिकार संहितेनें कलेक्टरला दिला. त्याचबरोबर, ९० दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असें समजावें, अशी खातेदाराच्या बाजूची तरतूदहि केली. विनापरवाना वापरास दंड ठेवला. पुढें २०१४ आणि २०१७ सालच्या दुरुस्त्यांनीं, जेथें विकासाच्या योजना तयार आहेत अशा भागांत ही स्वतंत्र परवानगीची अट बरीच सैल केली. कायद्याचे शब्द असे बदलत आले आहेत. परंतु परवानगी कलेक्टरनें द्यावी कीं नियोजनाचें काम पाहणाऱ्या संस्थेनें, हा प्रश्न गौण होय. ती देण्यापूर्वीं काय पाहावें, हा मुख्य.

प्रथम पाणी. भाताचें खाचर एकटें कधींच नसतें. वरच्या खाचरांतलें पाणी बांधाच्या तोंडांतून खालच्यांत उतरतें, तेथून त्याच्या खालच्यांत, आणि शेवटीं ओढ्यास मिळतें. मधल्या एका खाचरांत दोन हात उंच भराव पडला कीं वरच्या शेतकऱ्याचें पीक पाण्याखालीं कुजतें आणि खालच्याचें सुकतें. त्या दोघांना भाड्याचा एक पैसाहि मिळत नाहीं. शेतांतील पाण्याची नैसर्गिक वाट कोणीं बेकायदा अडविल्यास दाद मागण्याची सोय १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानें केली आहे. पण ती दाद सहा महिन्यांच्या आंत मागावी लागते, आणि निकाल हातीं येईपर्यंत बहुधा एक हंगाम गेलेला असतो.

दुसरी गोष्ट माती. केंद्र सरकारनें २०१८ सालीं दोन आसांच्या ट्रकाचें मालासह कमाल वजन १८.५ टन ठरविलें. एवढें ओझें ओल्या भुईवर रोज फिरूं लागलें म्हणजे मातींतील हवेच्या व पाण्याच्या वाटा मिटतात. फाळ पोंचत नाहीं इतक्या खोल थर दाबला गेला, तर साध्या नांगरटीनें तो मोकळा होत नाहीं. त्यांत मुरूम कालवला जातो आणि इंजिनाचें तेल झिरपतें. हें वापरलेलें तेल २०१६ च्या नियमांनीं घातक कचऱ्यांत धरलें आहे. भाडेकरू वर्षादोनवर्षांनीं निघून जाईल. खाचर परत मिळेलच असें नाहीं.

तिसरी गोष्ट रस्ता. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत १९५८ ते १९६० या काळांत झालेल्या प्रयोगांवरून असें दिसलें कीं, आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारें सोळापट होते. बैलगाडीच्या आणि शाळेच्या मुलांच्या वाटेवर हा भार पडला, तर डागडुजीचा खर्च गांवाच्या माथीं बसतो.

यावरून ट्रकतळ नकोतच असें ठरत नाहीं. रात्रभर गाडी हांकून आलेल्या चालकाला निजण्यास सुरक्षित जागा, पाणी आणि शौचकूप मिळणें हीहि सार्वजनिक सोयच होय. म्हणून तळासाठीं आधीं माळाची व वरकस जमीन निवडावी. खाचरच घ्यावें लागलें, तर भरावाखालून पुरेशी मोरी काढून पाण्याची वाट राखावी. तेल सांठविण्याची पक्की सोय करावी. हमरस्त्याला मिळणारें तोंड वळणावर नसावें. परवानगी मुदतीची असावी, आणि जमीन पूर्वस्थितीस आणण्याची हमी आरंभींच घ्यावी. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, लगतच्या खातेदारांचें म्हणणें बांधावर जाऊन, शक्य तर पावसाळ्यांत, ऐकावें. उन्हाळ्यांत केलेल्या पाहणींत पाणी कोठून जातें हें दिसत नाहीं.

त्या खातेदाराच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. जमीन त्याची खरी. पण तिच्यावरून वाहणारें पाणी वरच्याचें आणि खालच्याचेंहि आहे. भराव पडल्यानंतर दंड भरला जातो, वाद चालतो, क्वचित् निकालहि लागतो. परंतु शेजाऱ्याला आधीं विचारण्याची वेळ एकच असते, आणि ती परवानगीपूर्वींची.