पहिली वीट: एक मास्तर, एक पुस्तक आणि एक मोटारसायकल

नाशिकहून बोलतोय. आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. विषय तीन आहेत: पुस्तक, लिखाण आणि मोटारसायकल. तिन्ही एकाच माणसाच्या डोक्यात होते, म्हणून एकाच एपिसोडमध्ये घेतोय.

आपल्या नाशिकला मास्तर आणि लेखक एकाच माणसात बघायची सवय आहे. वसंत कानेटकर एच. पी. टी. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि नाटकं लिहायचे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ चं, ‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ चं, आणि त्यात तर नायकच प्राध्यापक. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय तेही इंग्रजीचे मास्तर, फक्त दूरचे. रॉबर्ट पर्सिग. अमेरिकेत मोंटाना राज्यात बोझमन नावाचं गाव आहे, तिथल्या कॉलेजात ते मुलांना निबंधलेखन शिकवायचे. त्याआधी काही काळ आपल्या काशीला, बनारस हिंदू विद्यापीठात, तत्त्वज्ञान शिकून गेलेले. नंतर पोटापाण्यासाठी काय करायचे माहितीये? कॉम्प्युटरची मॅन्युअल लिहायचे. म्हणजे डॉक्युमेंटेशन! आपल्या ऑफिसात जे काम सगळे एकमेकांवर ढकलतात, ते हा माणूस मन लावून करायचा. आणि नोकरी सांभाळून पहाटे दोनला उठून सहापर्यंत स्वतःचं पुस्तक लिहायचा.

ते पुस्तक म्हणजे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. १२१ प्रकाशकांनी नाकारलं. शेवटी १९७४ ला आलं आणि लाखो लोकांनी वाचलं. गोष्ट साधी आहे. १९६८ साली पर्सिग आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा ख्रिस, होंडाच्या ३०५ सीसी गाडीवर मिनेसोटाहून थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत गेले. अर्ध्या रस्त्यापर्यंत सोबतीला एक मित्र आणि त्याची बायको, त्यांची बीएमडब्ल्यू. गाडी चालवता चालवता बापाच्या डोक्यात जे विचार येतात, ते म्हणजे पुस्तक.

आता मी बी.टेक. झालेला माणूस, दिवसभर कोड लिहितो. मला यात काय सापडलं ते सांगतो.

त्यात एका विद्यार्थिनीचा किस्सा आहे. तिला अमेरिकेवर पाचशे शब्दांचा निबंध लिहायचा होता. मुलगी मेहनती, पण काही सुचेना. मास्तर म्हणाले, बरं, फक्त आपल्या गावावर लिही. तरी जमेना. मग म्हणाले, फक्त मेन रोडवर लिही. तेही नाही. शेवटी मास्तर वैतागले आणि म्हणाले, त्या रस्त्यावरच्या एका इमारतीवर लिही, ऑपेरा हाऊसवर. तिच्या दर्शनी भिंतीची वरच्या डाव्या कोपऱ्यातली पहिली वीट घे आणि तिथून सुरू कर.

पोरगी समोरच्या हॉटेलात बसली. पहिल्या विटेवर लिहिलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आणि पाच हजार शब्द घेऊन आली!

झालं असं होतं की आधी ती ऐकलेलं, दुसऱ्यांनी म्हटलेलं आठवायचा प्रयत्न करत होती. विटेबद्दल कोणी काही म्हटलेलंच नव्हतं. त्यामुळे तिला स्वतः बघावं लागलं.

आपल्याकडे लावून बघा. ‘नाशिक’ या विषयावर लिहा म्हटलं की काय येतं? गोदावरी, कुंभमेळा, द्राक्षं, मिसळ. संपलं. पण कोणी सांगितलं की मायको सर्कलवर सकाळी पावणेआठला एकाच सिग्नलला उभं राहून लिही, तर? शिफ्टला निघालेली माणसं, हँडलला लटकलेले डबे, रिक्षात कोंबलेली शाळेची पोरं, सिग्नलचे आकडे संपायच्या आधीच निघालेला पहिला माणूस. लिहिता लिहिता हात दुखेल.

आमच्या धंद्यात हेच रोज चालतं. तिकीट येतं: ‘सिस्टिम स्लो आहे.’ यावर मीटिंग घ्या, दोन तास बोला, काही निघत नाही. मग कोणीतरी विचारतं, नेमकं कोणतं पेज? कोणतं बटण? त्यामागची कोणती क्वेरी? ती एक क्वेरी उघडून ओळ न् ओळ वाचली की रस्ता दिसतो. आजकाल कोड लिहून द्यायला एआय आहे, मीही वापरतो. पण त्याने दिलेल्या दोनशे ओळी एक एक वीट करून वाचायचं काम अजून आपलंच आहे.

आता गाडीकडे येऊ. पर्सिगचं इंजिन एकदा जाम झालं. गॅरेजला टाकली. तिथली पोरं चांगली होती, हसतमुख, रेडिओ मोठ्याने लावलेला. त्यांनी टॅपेटचं झाकण काढायला छिन्नी-हातोडा लावला आणि नवीन नुकसान करून ठेवलं. खरं कारण शेवटी पर्सिगनीच शोधलं: ऑइल पोचवणाऱ्या भागातली पंचवीस सेंटची एक छोटी पिन तुटली होती. त्यांचं म्हणणं असं की त्या पोरांना काम येत नव्हतं असं नाही. ती तिथे हजर नव्हती. हात गाडीवर, लक्ष भलतीकडे.

तसंच स्क्रूचं. झाकणाचा एक स्क्रू अडकला, जोर लावला, त्याची खाच घासली गेली. आता झाकण उघडत नाही म्हणजे गाडी दुरुस्त होत नाही. चार आण्याचा तो स्क्रू त्या क्षणी अख्ख्या गाडीच्या किमतीचा झाला. त्यावर त्यांचा उपाय मला फार आवडतो: चिडू नका, थांबा, अडकलात हेच चांगलं झालं. आता तुम्ही पहिल्यांदा त्या स्क्रूकडे नीट बघणार आहात.

आणि तो बीएमडब्ल्यूवाला मित्र! त्याला गाडी आवडायची, पण तिच्यात हात घालायला नको. हँडल सैल झालं तेव्हा पर्सिग म्हणाले, बीअरच्या कॅनचा पातळ पत्रा कापून त्याची चकती आत बसवू, एकदम फिट होईल. मित्राला अपमान वाटला. एवढ्या भारी जर्मन गाडीला बीअरचा डबा? पत्रा तोच, काम तेच, पण त्याला नावाचं वावडं.

आपल्या घराघरात हा मित्र बसलाय. १९८५ ला हिरो होंडा सीडी १०० आली, तिची जाहिरात आठवते? ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट.’ पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. गाडी खरंच तशी होती, आणि कामाला जाणाऱ्या माणसाला त्याने केवढा आराम दिला. विसरायची सोय वाईट नाही. फक्त ती सवय गाडीपुरती राहत नाही. फोन, फी, नोकरी, घरचे, सगळंच आपण भरतो, झाकण लावतो आणि विसरतो.

आता जरा अवघड भाग. हा एवढा बारीक बघणारा माणूस. त्याच्या मागे अकरा वर्षांचं पोर बसलेलं, आणि त्याला काय होतंय ते बापाला कितीतरी दिवस कळत नाही. ख्रिसचं पोट दुखतं, तो रडतो, चिडतो. पर्सिग त्याआधी काही वर्षं मानसिक आजाराने हॉस्पिटलात होते, त्यांना विजेचे झटके दिले होते. घरी परतलेला बाप वेगळाच होता. पोराला आधीचा बाप हवा होता आणि विचारायची भीती होती. शेवटी पॅसिफिकजवळ ते बोलतात. ख्रिस विचारतो, तुम्ही खरंच वेडे होता का? बाप सांगतो, नाही. त्याच सुमारास कळतं की एवढा सगळा प्रवास पोराने फक्त बापाची पाठ बघत केला. खांद्यावरून त्याला पुढचं काही दिसतच नव्हतं. मग तो फूटरेस्टवर उभा राहतो आणि पहिल्यांदा रस्ता बघतो.

इथे मी पुस्तक मिटवून बराच वेळ बसलो होतो. माझे पप्पा सातपूरला शिफ्टला जायचे, सीडी १०० वरच. लहान असताना माझी जागा टाकीवर होती. बहीण आली, टाकी तिची झाली, मी मागे गेलो. तेव्हापासून दहावीपर्यंतचे पप्पा मला पाठीमागूनच आठवतात. निळा शर्ट, मानेवरचा घाम, कॉलरची शिवण. रविवारी त्र्यंबकला जायचो, अंजनेरी दिसली की ते हात करून काहीतरी सांगायचे, वाऱ्यात ऐकू यायचं नाही, मी ‘हो’ म्हणायचो. ते काय सांगायचे हे मी त्यांना या वर्षी विचारलं. म्हणाले, “अरे, तिथे हनुमानाचा जन्म झाला म्हणतात, ते सांगायचो. तुला माहितीच असेल म्हणून पुन्हा नाही सांगितलं.”

ख्रिस पुढे १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका हल्ल्यात मारला गेला, बावीस वर्षांचा होता. पर्सिगनी नंतरच्या आवृत्तीत त्याबद्दल लिहिलंय. ते वाचल्यावर तो प्रवास, ती पाठ, ते उभं राहणं, सगळं वेगळं वाटायला लागतं. पर्सिग २०१७ मध्ये गेले. ती होंडा आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

मला यातून एवढंच कळलं. नीट बघणं हे एकच काम आहे, मग समोर वीट असो, क्वेरी असो, स्क्रू असो. पण यंत्राकडे बघणं त्यातल्या त्यात सोपं असतं. मागे बसलेल्या माणसाकडे बघायला गाडी थांबवावी लागते.

पुस्तक वाचायचं असेल तर सावकाश वाचा, मधली तत्त्वज्ञानाची पानं जड आहेत, दोन-चार दिवस लागले तरी चालेल. आणि या आठवड्याला दोन कामं. एक, तुमच्या रोजच्या रस्त्यावरची एकच गोष्ट निवडा, एक टपरी, एक फाटक, एक झाड, आणि त्यावर वीस ओळी लिहा. मराठीत, मोबाइलवर लिहिल्या तरी चालतील. दोन, तुमच्या मागे कोणी बसत असेल, किंवा तुम्ही कोणाच्या मागे बसून मोठे झाला असाल, तर त्यांच्यासोबत एक चहा घ्या. गाडी बंद करून.

वीस ओळी पाठवा, पुढच्या वेळी काही वाचून दाखवेन. भेटू मंडळी. हेल्मेट घाला, मागच्यालाही द्या.