वृद्ध रुग्णाचे पाऊल

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर महापालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे. इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याचा १८३५ साली खून झाल्यावर त्याचा तेथील बंगला कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव यांनी विकत घेतला. ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू होत. घरधनी गेला, परंतु नाव राहिले, आणि आज ते रुग्णसेवेशी जोडलेले आहे.

अशा सार्वजनिक रुग्णालयांत खुब्याचे हाड मोडलेली किंवा पक्षाघात झालेली वृद्ध माणसे नेहमीच येतात. शस्त्रक्रिया वा औषधोपचार झाल्यावर त्यांना पुन्हा चालते करणे, हे पुनर्वसनाचे कार्य होय. नेमक्या याच काळात रुग्ण पुन्हा पडण्याचा धोका मोठा असतो. म्हणून नातेवाईक बजावतात, “उठू नका, पडाल!” या सल्ल्यामागे माया असते, परंतु तो घातक ठरतो. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सुमारे एक किलोने घटले, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळून आले. झोपवून ठेवलेला रुग्ण आज पडत नाही. तो उद्या पडतो.

इंग्लंडमध्ये डॉ. मार्जरी वॉरेन यांनी १९३५ नंतर कायमचे अंथरुणाला खिळलेले मानले गेलेले कित्येक वृद्ध तपासणी व व्यायाम यांच्या साहाय्याने चालते केले. त्यांचा धडा आजही खरा आहे.

पडणे हे केवळ दैव नव्हे. त्याला बहुधा शोधता येणारी कारणे असतात. उभे राहताच तीन मिनिटांत वरचा रक्तदाब वीस अंकांनी उतरला, तर भोवळ येऊ शकते. म्हणून रुग्णाने आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसावे आणि मगच उठावे. झोपेच्या गोळ्यांची गरज डॉक्टरांना पुन्हा विचारावी. खाट इतकी ठेंगणी असावी की, बसल्यावर पावले जमिनीला टेकतील. चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लावल्याशिवाय रुग्णास उठवू नये. ओली फरशी, सैल चपला आणि चष्म्याचा विसर हे नित्याचे शत्रू होत. पुष्कळदा रुग्ण रात्री लघवीच्या घाईत, कोणाला उठवायचे या संकोचाने, एकटाच निघतो. म्हणून झोपण्यापूर्वी आपण होऊन त्याला विचारावे. पक्षाघाताच्या रुग्णास चालविताना त्याच्या दुबळ्या बाजूस, किंचित मागे उभे राहावे.

यांपैकी बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाही. लक्ष मात्र लागते. रुग्णाला बसवून ठेवणे सोपे असते. त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकणे, हीच खरी शुश्रूषा होय.