शस्त्र परवाना आणि ओळख देणाऱ्याची सही

(पालक व शिक्षक यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत बंदुकीचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बंदूक नाही आणि ती घ्यावी अशी इच्छाही नाही. तरीसुद्धा हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. बंदूक कोणाला विकावी आणि कोणाला विकू नये हे सरकार कसे ठरवते, याचा विचार करू लागलो की शेवटी आपण एका साध्या गोष्टीपाशी येऊन थांबतो. कोणीतरी कोणाविषयी तरी काही लिहून दिलेले असते आणि त्याखाली सही केलेली असते. लिहून देणे आणि सही करणे हे तर आपणा शिक्षकांचे व पालकांचे रोजचे काम आहे.

प्रथम अमेरिकेकडे पाहू, कारण या प्रश्नावर तेथे जितका वाद झाला तितका क्वचितच कोठे झाला असेल. त्या देशाच्या राज्यघटनेतील १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आहे. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क व्यक्तीचा आहे असा निर्णय दिला. मात्र गंभीर गुन्हेगार व मनोरुग्ण यांना शस्त्र मिळू नये यासाठी पूर्वापार चालत आलेल्या बंदींना आपल्या निर्णयाने बाध येत नाही, असेही न्यायालयाने त्याच निकालात म्हटले. म्हणजे हक्क मान्य केला तरी ‘या माणसाला द्यावे की नाही’ हा प्रश्न उरतोच.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा १९६३ साली ज्या रायफलीने खून झाला, ती टपालाने मागवलेली होती. खोट्या नावाने मागणी नोंदवली आणि बंदूक टपालाने आली. पुढे १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांचेही खून झाले, आणि त्याच वर्षी कायदा होऊन कोणास बंदूक विकता येणार नाही याची यादी ठरली. परंतु खरेदीदार त्या यादीत बसतो की नाही हे कसे कळणार? तर दुकानातील फॉर्मवर तो स्वतःच लिहून देणार, की मी गुन्हेगार नाही, मी मनोरुग्ण नाही! परीक्षार्थीने स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासावी, तशातलाच हा प्रकार.

ही उणीव ३० मार्च १९८१ रोजी जगाला दिसली. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रीगन यांच्यावर गोळीबार झाला. हल्लेखोराच्या सामानात आदल्या ऑक्टोबरात विमानतळावर बंदुका सापडून जप्त झाल्या होत्या. तरीही काही दिवसांतच डॅलस शहरातील एका गहाणवटीच्या दुकानातून त्याने रिव्हॉल्व्हर विकत घेतले, आणि फॉर्मवर खोटा पत्ता दिला. रीगन बचावले, पण त्यांचे वृत्तपत्र सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागून ते कायमचे अपंग झाले. ब्रेडी व त्यांच्या पत्नी सारा यांनी अनेक वर्षे खटपट केली. अखेर ३० नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांच्या नावाचा कायदा झाला आणि दुकानातून बंदूक घेण्यापूर्वी पूर्वचौकशी सक्तीची झाली. नोव्हेंबर १९९८ पासून ही चौकशी केंद्रीय पोलिसांच्या संगणकावरील नोंदींतून होऊ लागली. दुकानदार नाव कळवतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांतच होकार वा नकार येतो. आजवर १५ लाखांहून अधिक नकार या पद्धतीने दिले गेले आहेत. तेव्हा ही व्यवस्था निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये.

मग ती फसली कोठे? हे पाहणे अधिक बोधप्रद आहे.

व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने ३२ जणांचा बळी घेतला. मृतांत मुंबईहून शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनीही होती. या तरुणापासून त्याच्या स्वतःच्या जीवाला धोका आहे असे न्यायालयाने २००५ सालीच ठरवून उपचारांचा आदेश दिला होता. केंद्रीय कायद्यानुसार त्याला बंदूक मिळावयास नको होती. परंतु त्याला रुग्णालयात न ठेवता बाहेरून उपचार घेण्यास सांगितले होते, आणि अशा प्रकरणांची नोंद ते राज्य वर कळवीत नसे. चौकशी झाली, पण नोंदच नव्हती म्हणून उत्तर ‘हरकत नाही’ असे आले.

टेक्सासमधील सदरलंड स्प्रिंग्ज या गावच्या चर्चमध्ये ५ नोव्हेंबर २०१७ रोजी रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी २६ जण मारले गेले. मारेकरी पूर्वी हवाईदलात होता. पत्नीला व लहान मुलाला मारहाण केल्याबद्दल २०१२ साली लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा केली होती. ही शिक्षा हवाईदलाने केंद्रीय पोलिसांना कळवावयास हवी होती, पण ती कळवली गेली नाही. पुढे २०२१ साली न्यायालयाने या हत्याकांडाची ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली. एक कागद पाठवायचा राहिला, त्याचा हा परिणाम.

चार्ल्सटन येथील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी नऊ जण मारले गेले, तेथे दोष मुदतीचा होता. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे कामकाजाच्या तीन दिवसांत स्पष्ट नकार आला नाही, तर दुकानदारास बंदूक विकता येते. नियमामागील हेतू वाईट नव्हता. कचेरीच्या दिरंगाईपायी निरपराध नागरिक अडकून पडू नये, एवढाच तो होता. परंतु या प्रकरणात अटकेचे कागद कोणत्या पोलिस ठाण्यात आहेत याविषयी घोटाळा झाला, तपासणारी व्यक्ती भलत्याच ठिकाणी विचारत राहिली आणि मुदत उलटली. ‘उत्तर आले नाही’ याचा अर्थ ‘हरकत नाही’ असा धरला गेला.

युव्हाल्डी येथील प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकरी अवघा अठरा वर्षांचा होता. वाढदिवस होताच त्याने कायदेशीररीत्या रायफली विकत घेतल्या. येथे चौकशी चुकली नाही, कारण दप्तरात काही नव्हतेच. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने कायदा केला, की २१ वर्षांखालील खरेदीदाराच्या बाबतीत पोरवयातील गुन्ह्यांच्या व मानसिक आजाराच्या नोंदीही पाहाव्यात आणि त्यासाठी जादा वेळ घ्यावा.

आता न्यूझीलंडचे उदाहरण पाहू. आपणा सर्वांच्या काळजाला ते अधिक लागणारे आहे. १५ मार्च २०१९ रोजी शुक्रवारी क्राइस्टचर्च शहरातील अल नूर मशीद आणि लिनवुड येथील इस्लामी केंद्र या दोन ठिकाणी नमाजासाठी जमलेल्यांवर गोळीबार होऊन ५१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत भारतातून गेलेली माणसेही होती. मारेकऱ्याजवळ शस्त्र परवाना होता आणि तो त्याला रीतसर मिळालेला होता.

तेथील पद्धत अमेरिकेहून वेगळी आहे. तेथे परवाना देण्याआधी पोलिस अर्जदाराच्या घरी जातात, त्याची मुलाखत घेतात आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांना भेटून त्याच्याविषयी विचारतात. यांपैकी एक जवळचा नातलग असावा, अशी अपेक्षा असते. या अर्जदाराने आपल्या बहिणीचे नाव दिले होते, परंतु ती ऑस्ट्रेलियात राहात होती. म्हणून तिच्याऐवजी दुसरे नाव घेतले गेले. अखेर ओळख देणारे दोघे ठरले ते असे : संगणकावरील खेळांतून झालेला एक मित्र, आणि त्या मित्राचेच वडीलधारे माणूस. हा मित्र त्याला मुख्यतः संगणकावरूनच ओळखत होता, प्रत्यक्ष सहवास थोडक्या दिवसांचा होता. चौकशी आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात यावरच बोट ठेवले. हे दोघे त्याला पुरेसे ओळखतात का, हा प्रश्न पोलिसांनी नीट विचारात घेतला नव्हता.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबा. त्या मित्राने खोटे सांगितले असे नाही. त्याला जेवढे माहीत होते तेवढे त्याने सांगितले. जेवढे माहीत होते ते फार थोडे होते, आणि तेवढ्यावर परवाना दिला गेला.

त्यानंतर न्यूझीलंडने वेळ घालवला नाही. एका महिन्याच्या आत, १० एप्रिल २०१९ रोजी, लष्करी धर्तीच्या बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारे विधेयक ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. २०२० च्या कायद्याने प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवण्याचे ठरले आणि २४ जून २०२३ पासून ती नोंदवही सुरू झाली.

आता कोणी म्हणेल, गुन्हेगार थोडाच परवाना मागावयास जातो? तो गावठी कट्टा घेतो. हा आक्षेप खोटा नाही. अमेरिकेतही केंद्रीय कायद्याने ही चौकशी परवानाधारक दुकानदारावरच बंधनकारक आहे. एका खाजगी माणसाने दुसऱ्यास बंदूक विकली तर अनेक राज्यांत कोणी काही विचारत नाही. परंतु मागील दाराला कडी नाही म्हणून पुढील दारही सताड उघडे ठेवावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. वर सांगितलेल्या घटनांतील बंदुका चोरबाजारातून आलेल्या नव्हत्या. त्या पुढच्याच दाराने आल्या होत्या.

आपल्या देशातील कायदा कडक आहे. इंग्रजांनी १८७८ साली केलेला शस्त्र कायदा जाऊन १९५९ चा कायदा आला. शस्त्र बाळगणे हा येथे हक्क नाही. त्यासाठी परवाना लागतो, तो साधारणतः २१ वर्षांवरील व्यक्तीसच मिळतो आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. अर्ज आल्यावर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने जवळच्या पोलिस ठाण्याचा अहवाल मागवलाच पाहिजे, असे कलम १३ सांगते. अर्जदार मनाने विकल असेल वा अन्य कारणाने अपात्र असेल तर परवाना नाकारला जातो. उलट, केवळ त्याच्याजवळ मालमत्ता नाही म्हणून तो नाकारता येत नाही, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे.

मात्र याच कलम १३ मध्ये एक परंतुक आहे. ठरलेल्या मुदतीत पोलिसांचा अहवाल आला नाही, तर अधिकाऱ्यास योग्य वाटल्यास त्याची अधिक वाट न पाहता निर्णय देता येतो. चार्ल्सटनची तीन दिवसांची मुदत आपणास आठवली असेल. फरक इतकाच, की तेथे निर्णय दुकानदाराच्या हाती जातो आणि आपल्याकडे तो जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती राहतो. हा फरक मोठा आहे. तरीही न आलेल्या अहवालाची जागा रिकामी ती रिकामीच राहते.

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध? माझ्या मते फार जवळचा आहे. कायदा कितीही चांगला असो, तो माणसाला ओळखत नाही. तो दप्तर ओळखतो, आणि दप्तरात तेवढेच असते जेवढे कोणी प्रामाणिकपणे लिहिले. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात बहुधा ‘चांगली’ हा एकच शब्द दिसतो. मुलगा पाच वर्षे शाळेत असो वा पाच महिने, शब्द तोच! चारित्र्याचा दाखला मागणारा ओळखीचा असतो, त्याचे वडील ओळखीचे असतात, नाही कसे म्हणावे? पोलिस पडताळणीसाठी आले की शेजारीही ‘माणूस चांगला आहे’ असे सांगून मोकळे होतात. भीड ही आपल्या समाजातील गोड वस्तू आहे, पण साक्षीच्या जागी तिला स्थान नाही.

याचा अर्थ संशयाने वागावे असा नव्हे. ऐकीव गोष्टींवरून एखाद्या मुलावर कायमचा शिक्का मारणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे. मनाचा आजार असलेला प्रत्येक जण धोकादायक असतो असे समजणे तर अज्ञानच होय. मला म्हणावयाचे आहे ते एवढेच : जे माहीत आहे ते लिहावे, किती दिवसांपासून माहीत आहे तेही लिहावे, आणि जे माहीत नाही त्याखाली सही करू नये. ‘मी यांना सहा महिन्यांपासून, केवळ शेजारी म्हणून ओळखतो’ हे वाक्य ‘चारित्र्य उत्तम’ या दोन शब्दांपेक्षा चौकशी करणाऱ्याच्या कितीतरी अधिक उपयोगी पडते.

क्राइस्टचर्चच्या त्या दोन ठिकाणी मारल्या गेलेल्यांपैकी कोणीही तो परवान्याचा अर्ज पाहिला नव्हता. त्यांच्या वतीने तो पाहण्याचे काम दुसऱ्यांवर सोपवलेले होते. उद्या कोणी आपल्यापुढे एखाद्या माणसाविषयीचा कागद ठेवील, तेव्हा असे कितीतरी अनोळखी लोक आपल्या सहीवर विसंबून आहेत हे ध्यानात असू द्यावे, आणि तो कागद वाचून मगच लेखणी उचलावी, एवढीच आपणा सर्वांना विनंती आहे.