घरी आलेले मांजर : खोड की दुखणे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाचा विषय म्हटला म्हणजे स्त्रीशिक्षण, बालसंगोपन, निदान लोणची-मुरंबे तरी असावा, असा आपला रिवाज. मी मांजरावर बोलणार हे कळताच आमच्या घरी हशा पिकला. परंतु गेल्या वर्षभरात मंडळातील जितक्या जणींनी मला मांजराविषयी विचारले, तितक्या जणींनी दुसरे काहीच विचारले नाही. कोणाच्या जिन्याखाली पिले सापडली, कोणाची मैत्रीण परगावी जाताना मांजर मागे ठेवून गेली, तर कोणी 'कायमचे घर मिळेपर्यंत मी सांभाळते' म्हणून हौसेने घेऊन आली. आणि आठ-दहा दिवसांत सर्वांचा सूर एकच : "मांजर गुणाचे नाही हो! पलंगाखालून निघत नाही, धड खात नाही, गादीवर घाण करते, हात लावला तर ओरबाडते." यापुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते : "कोणाकडून तरी पोत्यात घालून बाजारात सोडून यावे म्हणते."

या पोत्याविरुद्ध बोलण्यासाठीच मी आज उभी आहे. नव्या घरी आलेल्या मांजराची जी आपल्याला खोड वाटते, ती बहुधा भीती असते किंवा दुखणे असते. म्हणून आधी दुखणे शोधावे, मग भीती घालवावी. एवढे करूनही काही उरले तरच त्याला खोड म्हणावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

आमच्याकडे सांभाळास आलेल्या सोन्याचेच उदाहरण घ्या. आमच्या इमारतीतील एक वृद्ध बाई मुलाकडे कायमच्या राहावयास गेल्या आणि त्यांचा चार वर्षांचा पिवळा बोका, दुसरे घर मिळेपर्यंत म्हणून, आमच्याकडे आला. शस्त्रक्रिया झालेला, अंगाने भरलेला, त्या बाईंच्या मांडीवर दिवसदिवस बसणारा असा हा बोका. आमच्याकडे पाऊल टाकताच तो कपाटामागे जो गेला तो दोन दिवस फक्त रात्री, सारे निजल्यावर, चार घास खाण्यापुरता बाहेर येई. सहाव्या दिवशी त्याने सासूबाईंच्या अंथरुणावर लघवी केली, सातव्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांवर. घरात जे व्हायचे ते झाले. शेजारच्या काकूंनी तर त्यांच्या ओळखीच्या हमालाला पोते घेऊन यावयास सांगूनही टाकले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आमची अडचण त्यांना पाहवेना, एवढेच.

मी काकूंना संध्याकाळपर्यंत थांबण्याची विनंती केली. पण सोन्याचा खरा कैवार घेतला तो ज्यांचे अंथरूण भिजले होते त्यांनीच. सासूबाईंनी पाच मुले वाढविली आहेत. त्या सकाळपासून सोन्याला न्याहाळीत होत्या. तो रेतीच्या टबात जाई, बराच वेळ बसून राही, बारीक आवाजात ओरडे आणि दोन थेंब करून बाहेर येई. त्या म्हणाल्या, "अगं, ह्याला खोड कसली? ह्याला उन्हाळी लागली आहे."

डॉक्टरांनी तपासले तेव्हा निदान तेच निघाले. मूत्राशयाला सूज होती आणि लघवीत रक्ताचा अंश होता. शिवाय हिरड्या लाल झाल्या होत्या, म्हणून तो कडक खाणे टाळीत होता. आणि कानांत कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण होती, ती कानातल्या किडींची. ज्याचे तोंड, कान आणि मूत्राशय तिन्ही दुखत आहेत, त्याने आपल्या हाताला ओरबाडले तर त्यात नवल ते काय! डॉक्टर म्हणाले, "हा बोका आहे म्हणून सांगतो, लघवी पूर्ण अडली असती तर एक-दोन दिवसांत जीव गेला असता." पोत्यातून बाजारात गेलेल्या मांजराला दोन दिवसांत डॉक्टर कोठून भेटणार?

मांजराच्या या मूत्राशयाच्या विकारात गंमत अशी आहे की, तरुण मांजरांत पुष्कळदा जंतू सापडतच नाहीत. घर बदलणे, माणसे बदलणे, नवी गडबड यांचा मनावर ताण पडून मूत्राशयाला सूज येते. लघवी करताना दुखू लागले की मांजर त्याचा संबंध टबाशी जोडते आणि मऊ जागा शोधते. गादीवर ते आपल्यावरचा राग काढीत नसते. जेथे दुखणार नाही अशी जागा ते शोधीत असते. म्हणून मारणे, नाक लघवीत घासणे, कोंडून घालणे यांनी ताण वाढतो आणि ताणाने दुखणे वाढते. सोन्याला डॉक्टरांनी वेदना कमी करणारे औषध दिले, ओले खाणे व भरपूर पाणी सांगितले, आणि 'त्याला शांतता द्या' असे बजावले.

आता मांजर घरी आणणाऱ्या भगिनींसाठी काही गोष्टी क्रमाने सांगते.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्याला पशुवैद्याकडे दाखवावे. कान, दात, कातडी, पोट तपासून घ्यावे, जंताचे औषध द्यावे आणि लशींची वेळ ठरवून घ्यावी. पिलांना दोन महिन्यांच्या सुमारास नेहमीच्या रोगांची लस सुरू करतात. रेबीजची लस साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. मुंबईतील भगिनींना परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय ठाऊक असेलच. ते एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जनावरांची सेवा करीत आहे. घरात दुसरे मांजर असेल, तर तपासणी होईपर्यंत नव्याला वेगळ्या खोलीत ठेवावे.

काही लक्षणे दिसली तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. बोका वारंवार टबात बसतो आणि लघवी होत नाही, ही धावपळीची वेळ समजावी, मग रात्र असो की सणवार. चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना विचारावे. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. 'भूक लागली की खाईल' हा न्याय मांजराला लावू नये. पिलाला उलट्या आणि जुलाब एकदम सुरू झाले, तर तेही त्याच दिवशी न्यावे.

घरगुती उपचारांचा आपल्याला फार मोह. पण तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा प्राण घेऊ शकते. कुत्र्याच्या पिसवांचे औषध मांजराला लावू नये; त्यात पर्मेथ्रिन असले तर ते त्याला विष होते. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालते आणि मग पंजे चाटते, तेव्हा त्याच्या खोलीत साबणाचे पाणी वापरावे. कांदा-लसणाचा रस्साही त्याला घालू नये; त्याने रक्त बिघडते.

आता खाण्याकडे वळते. 'दूधभातावर वाढलेले मांजर' हे आपल्या घराघरातले चित्र. पण पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि मग आपण त्यालाच घाणेरडे ठरवितो. मांजराला पिण्यास साधे पाणी हवे, आणि खाण्यास मांस-मासळी हवी. त्यातून त्याला टॉरिन नावाचे द्रव्य मिळते. ते न मिळाल्यास दृष्टी जाते आणि हृदय दुबळे होते. हृदयाचा हा संबंध १९८७ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. ज्यांच्या घरी मासळी चालत नाही, त्यांनी मांजराचे तयार खाद्य आणावे. तेही चालत नसेल, तर सांभाळास मांजर न घेता दुसऱ्या प्रकारे मदत करावी. त्यात कमीपणा नाही. आणि जुने खाणे एका दिवसात न बदलता आठवडाभरात हळूहळू बदलावे.

दुखणे पाहिले, आता भीती. सासरी आलेल्या नव्या सुनेला पहिल्याच दिवशी साऱ्या गोतावळ्यापुढे बसविले म्हणजे तिची काय अवस्था होते, ते आपल्याला सांगावयास नको. मांजरालाही आरंभी सारे घर नको. एक कोपरा, एक लहान खोली पुरे. तेथे आडवे ठेवलेले एक पुठ्ठ्याचे खोके, पाणी, खाणे आणि खाण्यापासून दूर रेतीचा टब. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, आश्रयगृहात आलेल्या ज्या मांजरांना लपावयास खोके मिळाले, ती खोके न मिळालेल्यांपेक्षा लवकर निवळली. तेव्हा लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढू नये. आपण खोलीत जाऊन खाली बसावे, काही निवडावे-टिपावे, वाचावे. त्याच्याकडे टक लावून न पाहता डोळे हळूच मिटावे आणि उघडावे. ही मांजरांची मैत्रीची खूण आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये तिची पडताळणी केली आहे. सासूबाईंनी हा प्रयोग जपमाळ ओढता ओढता केला, आणि नवव्या दिवशी सोन्या त्यांच्या पदरावर येऊन बसला.

जाणकार मंडळी एक ठोकताळा सांगतात : तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे ओळखीचे, तीन महिने घर आपलेसे होण्याचे. हा काही शास्त्राचा नियम नव्हे. पण आठव्या दिवशी निकाल देऊ नये, हे लक्षात ठेवण्यास तो उपयोगी आहे.

आता उरलेल्या 'खोडी'. उभे राहून, शेपूट वर करून भिंतीवर फवारा मारणे निराळे आणि बसून गादीवर करणे निराळे. पहिले बहुधा शस्त्रक्रिया न झालेल्या बोक्याचे लक्षण; शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचे ते थांबते. दुसऱ्याला आधी डॉक्टर आणि नंतर स्वच्छ टब. टबातील घाण दिवसातून एकदा तरी काढावीच. दोन मांजरे असतील तर तीन टब ठेवावे. भिजलेली गादी साबणाने धुऊन कडक उन्हात टाकावी. वास राहिला तर मांजर पुन्हा तेथेच जाते. रात्रभर ओरडत असेल, तर निजण्यापूर्वी दोरीला चिंधी बांधून पंधरा मिनिटे खेळवावे आणि मग जेवू घालावे. शिकार, जेवण, झोप हाच त्याचा स्वभावक्रम आहे. मांजरी असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये. दोन महिन्यांत विते ती, आणि पिलांची जबाबदारी पुन्हा पोत्यापाशीच येऊन थांबते.

आपल्या स्वतःच्या आरोग्याचेही दोन शब्द. मांजर चावले किंवा त्याने ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज मांजरापासूनही होतो, आणि चाव्याची लहानशी जखमसुद्धा चिघळते. हळद-चुना भरून घरी बसू नये. घरात कोणी गरोदर असेल, तर मांजराला हाकलण्याचे कारण नाही. टोक्सोप्लाझ्मा या जंतूची बाधा मांजराच्या विष्ठेतून होऊ शकते. पण विष्ठा बाहेर पडल्यावर तो बाधण्याजोगा होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून टब रोजच्या रोज आणि घरातील दुसऱ्या कोणीतरी साफ करावा. भाज्या धुऊन घ्याव्या आणि मांस पूर्ण शिजवावे, कारण ही बाधा त्या वाटेनेही येते.

पोत्याविषयी आणखी एक सांगावयाचे आहे. सबळ कारणावाचून एखाद्या प्राण्याला उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून राज्यसभेत प्रथम विधेयक मांडले ते एका स्त्रीने, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. पुढे १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. नृत्यकलेला मान मिळवून देणाऱ्या बाईंना मुक्या जिवांसाठी वेळ काढता आला, तर आपल्याला आठवड्यातून थोडा काढता येणार नाही काय?

सोन्या आमच्याकडे अडीच महिने राहिला. आता तो खालच्या मजल्यावरील एका निवृत्त शिक्षक दांपत्याकडे आहे. पाहुणे फार आले किंवा घराला रंग लागला की त्याचे दुखणे अधूनमधून डोके वर काढते. पण त्या घरी आता ते ओळखता येते, त्यामुळे पोत्याचा विषय निघत नाही. शेजारच्या काकू आठवड्यातून एकदा त्याच्यासाठी उकडलेली मासळी घेऊन जातात.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. सहा आठवडे मांजर सांभाळू शकतील अशा भगिनींची एक यादी करावी. मंडळाच्या कपाटात झाकणाची एक टोपली आणि दोन टब ठेवावे, म्हणजे डॉक्टरांकडे नेण्यास कोणाची अडचण होणार नाही. आणि मांजर परत द्यावेसे वाटले, तर हमालाला बोलावण्याआधी यादीतील कोणा एकीला बोलवावे, एवढा नियम आपण स्वतःला घालून घ्यावा. खर्च थोडा आहे, आणि एखाद्या जिवाचे त्यात सारे आहे.