वसतिगृहातला गुरुजी
(शिक्षकदिनानिमित्त पनवेल येथे झालेल्या भाषणाचा सारांश)



शिक्षकदिनी मी साने गुरुजींविषयी बोलतो आहे, याचं काहींना नवल वाटेल. ते आपल्या मंडळीतले नव्हते. पण कातकरी मुलांचं वसतिगृह कसं चालवावं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

1924 साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, अंथरुणं आवरत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. शिष्यांचे पाय धुणारा प्रभू आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, तेव्हा मी अधिक सांगायला नको. शिवाय मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक ते हाताने लिहून काढत. दैनिक, बरं का! आम्हा शिक्षकांना महिन्याचं भित्तिपत्रक जड जातं. 1930 मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले.

त्याच वर्षी 25 सप्टेंबरला, आपल्या शेजारी चिरनेरला, जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. आठ हुतात्म्यांत एक नाव आहे नाग्या महादू कातकरी. मी इतिहास-भूगोल शिकवतो. दांडीपासून सुरुवात केली की वाडीवरची मुलं खिडकीबाहेर बघतात. फळ्यावर नाग्याचं नाव लिहिलं की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "म्हणजे आमच्यातला?" मग जंगल कायदा काय होता, लाकूडफाट्याला बंदी का, हे मुलंच विचारतात. खैराच्या झाडापासून काथ करणारे ते कातकरी, हे त्यांची आजी सांगते आणि मी वहीत उतरवायला लावतो. नागरिकशास्त्रात 2006 चा वनहक्क कायदा येतो, तेव्हा घरी दाव्याचा कागद आहे का, हे पाहून यायला सांगतो.

पण हे सगळं दिवाळीपर्यंत. नंतर घरच्यांनी वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. आईबाप निघाले की पोरंही निघतात, आणि जून उजाडला तरी काही परतत नाहीत. जी थांबतात त्यांना रात्री घर आठवतं. शाळा सुटल्यावर आम्ही शिक्षक घरी जातो. ताप आलेल्या पोराजवळ तेव्हा कोण असतं?

तुम्ही गणवेश दिलेत, वह्या दिल्यात, त्याबद्दल देवाचे आभार मानतो. आता मागणं माणसाचं आहे. नोव्हेंबर ते मे वसतिगृहात मुक्कामाला राहील असं एखादं जोडपं हवं. निवृत्त असतील तरी चालेल. दोघांची राहण्या-जेवणाची सोय करू. कातकरी बोली येत नसेल तर मुलं आठवड्यात शिकवतील, आणि चुकलात तर हसतीलही.

25 तारखेला मुलांना चिरनेरच्या हुतात्मा स्मारकावर नेणार आहोत. दोन गाड्या लागतील. ज्यांना देता येतील, त्यांनी उपासनेनंतर मला भेटावं.