सॉर्गकाठचं पातेलं

फ्रान्समधल्या अविन्योंहून आगगाडीनं अर्ध्या तासात आम्ही लील-स्यूर-ला-सॉर्गला पोचलो. सॉर्ग नदीच्या फाट्यांनी वेढलेलं गाव. एकेकाळी लोकरीच्या, रेशमाच्या गिरण्या चालवणारी पाणचाकं आता शेवाळ पांघरून नुसतीच फिरतात. रविवारी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. एका दुकानात तांब्याचं पातेलं टांगलेलं. आत चक्क कल्हई! अम्मीचं असंच होतं. ते आम्ही भंगारवाल्याला किलोवर दिलं. अम्मी काही बोलली नव्हती. मी किंमत विचारली, मनात रुपये मोजले, हात मागे घेतला. दुपारी पाण्याकाठी ट्राउट मासा मागवला. बायको म्हणाली, ‘‘घ्यायचं होतं.’’ पातेलं समोरच उन्हात लकाकत होतं. मासा चांगला होता म्हणे.